कांतणाऱ्या बायका

माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत एक चित्र आहे, त्यास लोक पुष्कळ काळ 'कांतणाऱ्या बायका' एवढ्याच नांवानें ओळखत आले. स्पेनचा राजा चवथा फिलिप याच्या पदरचा चितारी दिएगो व्हेलास्केझ (१५९९–१६६०) यानें तें आपल्या अखेरच्या पांचसहा वर्षांत केव्हां तरी काढलें. समोर काळोख्या जागेंत पांच बायका कामांत गढलेल्या आहेत. डावीकडे डोक्यास पांढरें फडकें गुंडाळलेली म्हातारी चरख्यावर बसली आहे. उजवीकडे एक पाठमोरी तरुणी लडीचें सूत गुंड्यावर घेत आहे. खालीं मांजर स्वस्थ बसलें आहे. हा एखादा कारखाना असावा असेंच कोणासहि वाटेल. आणि माद्रिदमधील सान्ता इसाबेलच्या विणकरशाळेचें हें दृश्य, असें जाणते लोकहि सांगत. पुढें १९४८ सालीं मारिया लुइसा कातुर्ला या विदुषींस दरबारांतील एका अंमलदाराच्या चीजवस्तूंची १६६४ सालची यादी सांपडली. तींत या चित्राचें नांव होतें 'आराक्नेची कथा'!

ही कथा ओव्हिड या लॅटिन कवीनें 'रूपांतरें' या काव्याच्या सहाव्या सर्गांत सांगितली आहे. आराक्ने ही लीडियांतील एका रंगाऱ्याची मुलगी. तिचें विणकाम पाहून लोक म्हणत, हिला पालास देवीनेंच शिकविलें असलें पाहिजे. मुलगी तें कबूल करीना. देवी म्हातारीच्या वेषानें आली, क्षमा माग म्हणाली. मुलीनें तिलाहि झिडकारलें. मग दोघींनीं माग मांडले. देवीनें आपलें ऐश्वर्य विणलें. मुलीनें देवांनीं स्त्रियांस कसकसें फसविलें तें विणलें, आणि आरंभीं बैलाचें रूप घेऊन युरोपेस पळविणारा जोव्ह. त्या वस्त्रांत देवीस दोष काढतां येईना, प्रत्यक्ष मत्सरासहि येईना. तेव्हां देवीनें तें फाडलें आणि हातांतील धोटा मुलीच्या कपाळावर मारला. मुलीनें गळफास घेतला. देवीस दया आली, व तिनें तिला कोळी केलें. प्राणिशास्त्रांत कोळ्यांच्या वर्गास आजहि तिचेंच नांव आहे.

आमच्या घरीं या चित्राची रंगीत प्रतिकृति आहे. आमच्या आत्याबाईंनीं तरुणपणीं पुष्कळ वर्षें नेमानें सूत कांतलेलें. त्यांनीं चष्मा पुसून पाहिलें, व प्रथम म्हणाल्या, "अरे, चाक फिरतें आहे!" आम्हीं पाहिलें, तों खरेंच आरे कोठें दिसत नाहींत, नुसती झगमग. यावर टीकाकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. आत्याबाईंस एक क्षण पुरला.

आम्हीं कथा सांगितली तेव्हां घरांतील धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, "खोट सांपडली नाहीं, तर मार कशाबद्दल?" आम्ही उद्धटपणाविषयीं कांहीं बोलणार होतों, इतक्यांत आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वेळीं एका प्रदर्शनांत मीं विणलेली शाल ठेवली होती. बक्षीस अध्यक्षीणबाईंच्या मुलीला दिलें. शालींत खोट काय, तें मात्र कोणी सांगितलें नाहीं." साठ वर्षांत ही शाल आम्हां कोणाच्या कानीं आली नव्हती. सूनबाईंनीं ती कोठें आहे म्हणून विचारलें. "पेटींत," एवढेंच उत्तर आलें.

आराक्ने नम्र नव्हती, हें आम्हांसहि मान्य आहे. पण नम्रतेची परीक्षा कापडावर घेणें न्याय्य नव्हे. आणि चिताऱ्याचें मतहि निराळें नसावें असें आम्हांस वाटतें. चित्राच्या मागील भागीं, पायऱ्यांवरच्या उजळ दालनांत, शिरस्त्राण घातलेली देवी हात उगारून उभी आहे, आणि मुलीच्या मागें तें वस्त्र टांगलें आहे. त्यावरील बैल व युरोपा हीं तिशियन या थोर इटालियन चिताऱ्याच्या चित्रावरून घेतलेलीं आहेत. तें चित्र तेव्हां स्पेनच्या राजाच्या संग्रहीं होतें. आज तें बोस्टनच्या इसाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयांत आहे. रूबेन्ससारख्यानें माद्रिदला येऊन १६२८–२९ मध्यें त्याची नक्कल केली होती. व्हेलास्केझनें त्या मुलीच्या मागावर तिशियन चढविला! देवीचें विणकाम मात्र चित्रांत कोठेंच नाहीं.

व्हेलास्केझ स्वतःहि एका परीक्षेंत सांपडला होता. त्यास सांतियागो या सरदारी पंथाची दीक्षा हवी होती, आणि हातानें काम करून पोट भरणारास ती मिळत नसे. म्हणून १६५८ सालीं साक्षी घेतल्या गेल्या. यानें कधीं दुकान मांडलें नाहीं, चित्रें विकलीं नाहींत, केवळ स्वतःच्या व राजाच्या आनंदासाठीं कुंचला धरला, असें साक्षीदारांनीं सांगितलें. १६५९ त दीक्षा मिळाली. हें चित्रहि त्याच सुमाराचें. आणि त्यांत देवी मागें, लहानशी आहे, व पुढें उजेडांत आहे तो सूत गुंडाळणाऱ्या त्या पाठमोऱ्या मुलीचा उघडा हात.