सूर्याचं डबडं

आमच्या आर्वीत उन्हाळ्याचे दोन महिने सूर्य जितक्या इमानाने नोकरी करतो, तितकी आमच्या शाखेत कोणी केलेली मला आठवत नाही. सकाळी सहाला हजर, जेवणाची सुट्टी नाही, किरकोळ रजा नाही, आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर नेऊनही ओव्हरटाइम मागत नाही. अशा गावात मी ४,५०० रुपये मोजून भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र विकत आणलं. आता माझ्या अकलेबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. पण मी पडलो बी.कॉम., खुलासा दिल्याशिवाय मला खातं मिटवता येत नाही.

खुलासा असा. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, खारोड्या, गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या हे सगळं खातं आमच्या घरी आईकडे. मला कळतंय तेव्हापासून ती उन्हाळ्यात गच्चीवर जुनी धोतरं अंथरते आणि जिन्याच्या टोकाशी, हातभर सावलीत, काठी घेऊन बसते. कावळ्यांना ती व्यक्तिशः ओळखते. गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी तिथेच तिला भोवळ आली. डॉक्टरांनी तिला ऊन आणि जिना दोन्ही बंद केले. माझं रक्त तपासून, मागितलं नव्हतं तरी, मलाही तळलेलं बंद केलं. मी हिशेब मांडला : आईचं वाळवण खाली स्वयंपाकघरात, आणि मला चार वाजता चहाबरोबर बिनतेलाच्या कुरकुरीत भाज्या. एका खरेदीत दोन पथ्यं!

यंत्र म्हणजे तरी काय, एकावर एक रचलेल्या पाच चाळण्या, खाली एक पंखा आणि एक तापणारी तार. सौ. म्हणाली, "यापेक्षा मिक्सर दुरुस्त करून आणला असता." आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काऊन रे बाबू, सूर्य बंद पडला का?"

पहिल्या दिवशी मी कारली लावली. पुस्तिकेत लिहिलं होतं, ५५ अंशांवर आठ-दहा तास. मला साडेनऊला बँकेत निघायचं होतं, म्हणून मी काटा ७० वर नेला. घाईने कामं उरकायची ही सवय कुठून लागली ते सांगत नाही. काचऱ्या वरून अशा खडखडीत वाजायला लागल्या, की मी त्या लगेच बरणीत भरल्या. आठव्या दिवशी बरणीत बुरशी. आच जास्त झाली की वरची साल आधी आवळते आणि आतलं पाणी आतच कोंडतं, हे मला मागाहून कळलं. आईला ते पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. "एक मोडून पाहाची होती," ती म्हणाली. "वाकली तर वली, तुटली तर वाळली." पुस्तिकेत याच गोष्टीसाठी दीड पान खर्ची घातलं आहे.

मग भेंडी. एक किलो ठेवली, सव्वाशे ग्रॅम परत आली. भेंडीत ९० टक्के पाणी असतं हे मान्य. पण मुद्दल इतकं आटवणारी ठेव योजना कोणी काढली, तर आमच्या काउंटरच्या काचा शिल्लक राहणार नाहीत. वर वीज चार युनिट. मी ती भेंडी शाखेत नेली. आमच्या कॅशियरने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "साहेब, हे कव्हर काढून खायचं होतं का?"

आमचा जिल्हा तसा साधेपणाचा. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तो वर्ध्याच्या मगनवाडीत नांदला. आणि त्याचे चिटणीस कुमारप्पा हे मुळात हिशेबतपासनीस, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. वर फुकटचं ऊन तापतं आहे आणि खाली मी तेच ऊन वीज कंपनीकडून युनिटने विकत घेतो आहे, ही नोंद त्यांनी कुठल्या रकान्यात घातली असती याचा विचार करायला मी धजावत नाही.

तरीही मी नेट लावून ५५ अंशांवर आलो. गवार छान वाळली, काचऱ्या तुटायला लागल्या. माझी छाती फुगली. एका रविवारी दुपारी झोपून उठलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर यंत्र घूं घूं करत होतं आणि समोर खुर्ची टाकून आई बसली होती. हातात काठी.

"आई, इथे कावळा नाही येत."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग मी काय करू?"

वाचकहो, बँकेत इतकी वर्षं काढली, ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर नसलं की "उद्या या" म्हणायचं असतं हे मला पाठ आहे. आईला उद्या या म्हणता येईना.

त्या संध्याकाळी आम्ही खाट अंगणात काढली. अंगणात ऊन दहा ते दोन, मग शेजाऱ्यांच्या स्लॅबची सावली. पण आपल्याकडचं ऊन, चार तासही पुरतं. आईची खुर्ची कडुनिंबाखाली. डॉक्टरांनी जिना आणि ऊन बंद केलं होतं, कडुनिंबाबद्दल ते काही बोलले नव्हते. यंत्राच्या चाळण्या सौ.ने वाळवणावर पालथ्या घातल्या, म्हणजे कावळ्याची भीती नको. आईने त्या दुसऱ्याच दिवशी काढून ठेवल्या.

यंत्र माळ्यावर गेलं. जुलैत झड लागली, चार दिवस सूर्य बिनपगारी रजेवर होता, आणि डब्यातले सरगुंडे सादळले. मी शाखेतून भिजून आलो, तर आईने आतूनच हाक मारली, "बाबू, ते तुझं सूर्याचं डबडं काढ जरा."

मी ओल्या कपड्यांनिशी माळ्यावर चढलो, यंत्र काढलं, पुसलं, सरगुंडे पसरले, आईची खुर्चीही समोर आणून ठेवली. बटण दाबलं.

वीज सकाळपासूनच नव्हती.