चेंडू वर, काठी खाली

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ, त्याच्याशी आपलं काय देणंघेणं, असं मानणाऱ्या घरांतही ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टीव्हीसमोर माणसं बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. खेळाची बॅग सांभाळायला शेजारी तिची आई! पदक एका फटक्याने हुकलं, अदिती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्ण आणलं आणि सकाळची चुटपुट मागे पडली.

पण ते चार दिवस एक कोडं पडत होतं. अदितीचा पहिला फटका स्पर्धेतल्या सर्वांत आखूड फटक्यांपैकी. शेवटच्या दिवशी सोबत खेळणारी अमेरिकेची नेली कोर्डा तिच्या कितीतरी पुढे चेंडू टाकायची. दुसऱ्या फटक्याला इतर जणी लोखंडी काठी घेत, तिथे अदितीला अनेकदा वूड काढावा लागे. वूड म्हणजे लांब फटक्याची, जाड गोल डोक्याची काठी. पूर्वी हे डोकं लाकडाचं असे, आता ते धातूचं असतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

अंगात जोर कमी असेल, तर अंतर आणायचं कुठून? बरंचसं काठीच्या कोनातून. काठीचं डोकं झोपाळ्यासारखं खाली येतं, तळ गाठतं आणि वर चढतं. सर्वांत लांब वूड, म्हणजे ड्रायव्हर, वापरताना चेंडू टी नावाच्या छोट्या खुंटीवर, पुढच्या पायाच्या टाचेसमोर ठेवतात. त्यामुळे तळ ओलांडून वर चढणारी काठी त्याला भिडू शकते. मग चेंडू उंच निघतो आणि उलटी फिरकी कमी घेतो. हीच काठी वरून खाली आपटली, तर फिरकी वाढते. चेंडू फुग्यासारखा चढतो, हवेत रेंगाळतो आणि अलीकडेच पडतो. दिसायला हा फटका मोठा झोकदार, पण फसवा. वेग तोच ठेवून पाच अंश खाली आणि पाच अंश वर, एवढ्यात वीसेक यार्डांचा फरक पडू शकतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुषांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास, महिलांचा १५० च्या. रडारने घेतलेल्या मापांची सरासरी सांगते की पुरुष अंशभर खाली मारतात, महिला मात्र जवळजवळ तीन अंश वर. पगार भरपूर असला की थोडी उधळपट्टी खपते. बेताच्या पगारात घर चालवणारीला पैन् पैचा हिशेब ठेवावा लागतो, तसंच हे.

गवतावर मात्र सगळं उलटं. तिथे खुंटी नाही. नवशिका चेंडू उचलायला जातो आणि काठी मागच्या मातीत रुतते, नाहीतर चेंडूच्या टाळक्यावर बसून तो सरपटत सुटतो. खरं तर तीन नंबरच्या वूडचं तोंड मुळातच सुमारे १५ अंश मागे कललेलं असतं. उचलण्याचं काम त्याचं. काठी तळाशी किंवा किंचित उतरतानाच लागायला हवी. चेंडू वर जावा म्हणून खाली मारायचं, हे गळी उतरायला नवशिक्याला महिनेच्या महिने लागतात. तीन अंश वर मारणाऱ्या त्याच महिला इथे अंशभर खाली मारतात.

लांबच्या होलवर अदितीला ही दोन्ही कामं पाठोपाठ करावी लागत होती. ७२ होलांत ती पारपेक्षा १५ फटके कमी खेळली. कोर्डा १७.