दोन होड्या, एक घर

खाडीकाठच्या माणसाला होडीचे अप्रूप नसते. ती त्याच्या पोटापाण्याचे साधन. केवळ सहलीसाठी होडी घ्यावी हा विचार आमच्या लहानपणी कोणाच्या मनाला शिवलाही नसता. आता दिवस पालटले आहेत. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने वसईच्या खाडीत सहकुटुंब फेरफटका मारण्यासाठी लहान मोटारबोट घेण्याचे ठरविले आणि दोन होड्यांवरून घरात दोन तट पडले. धाकटा आखाती देशात नोकरीस, पैसा त्याचा. थोरला घर सांभाळणारा. दोघांतील बोलणे तुटू लागले, तेव्हा त्यांच्या आईने आम्हांस बोलावणे धाडले.

दोन्ही होड्या फायबरच्या. पहिली 14 फुटी, निमुळत्या तळाची, 40 अश्वशक्तीच्या इंजिनाची. असा तळ लाट कापीत जातो, म्हणून उघड्या पाण्यात हिसके कमी बसतात. पण थांबली की ती दोन्ही अंगांना डुलते आणि पेट्रोलही अधिक खाते. दुसरी 16 फुटी, रुंद, सपाट तळाची, 15 अश्वशक्तीची. ती उभी असता स्थिर राहते व तिला उथळ पाणी पुरते. ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीत गाळ किती वर येतो हे वाचकांना ठाऊकच आहे. मात्र वारा उठला की तिचा तळ लाटांवर आपटतो.

“फादर, पाणजू बेटाला वळसा घालून थेट समुद्राच्या तोंडाशी जायचे तर पहिलीच हवी,” धाकटा म्हणाला.

“आणि आईचे गुडघे? डुलत्या होडीत ती पाय कशी टाकणार?” थोरल्याने विचारले.

आम्ही एवढेच विचारले, “घरात माणसे किती?” उत्तर आले, नऊ. पहिलीत पाच माणसे बसतात, दुसरीत सात. भांडणाच्या भरात हा हिशेब कोणी केलाच नव्हता. दिनांक 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात झालेला अपघात सर्वांच्या स्मरणात होता. घरात काही क्षण कोणी बोलले नाही.

धाकटा अखेर म्हणाला, “पैसा माझा, निवड मात्र दादाची?”

आम्ही म्हटले, “बाळा, तुझी सुटी एक महिन्याची. उरलेले अकरा महिने आईला होडीत कोण बसविणार?”

सपाट तळाची होडी ठरली. फेऱ्या दोन करायच्या, भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघायचे, खाडीचे मुख ओलांडायचे नाही आणि पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवायची. होडीच्या आधी नऊ जीवरक्षक जाकिटे आणायची, त्यांत लहानग्यांच्या मापाची वेगळी. ही अट धाकट्यानेच घातली.

वस्तू निवडताना आपण तिचे गुण तोलतो. तिच्यात बसणाऱ्या माणसांची गणती आधी केली, तर पुष्कळ घरांतील वाद अर्ध्यावरच मिटतील, असे आम्हांस वाटते.