ताणा हवा, फास नको

सोलापूर आणि मालेगाव ही यंत्रमागाची दोन गावं. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं जरा मोठ्यानेच बोलतात, असं आमच्या मोहल्ल्यात गमतीनं म्हणतात. त्यामुळे मालेगावच्या नासिर शेख यांच्या चित्रपटांविषयी कळलं, तेव्हा ही आपल्याच घरची गोष्ट वाटली.

नासिरभाई व्हिडिओ पार्लर चालवत. २००० साली त्यांनी सुमारे पन्नास हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या वेळी क्रेन नव्हती, तर बैलगाडीवर कॅमेरा चढवला. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात हा सगळा खटाटोप दिसतो. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला आणि ही मंडळी देशभर पोहोचली.

मला वाटतं, घोडे मिळाले असते तर ती नुसती नक्कल झाली असती. सायकलींमुळे ‘शोले’ मालेगावचा झाला.

इराणमध्येही चित्रपटांवर बंधनं बरीच. तिथले कितीतरी दिग्दर्शक मुलांच्या गोष्टींकडे वळले. किआरोस्तमी यांच्या १९८७ च्या चित्रपटात एक मुलगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला शेजारच्या गावी धावतो. मजीदी यांच्या १९९७ च्या चित्रपटात बहीण-भाऊ एकच बुटांचा जोड आळीपाळीने घालतात. एवढ्याशा गोष्टीवर अख्खा चित्रपट उभा राहतो.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना मोबाइलवर फिल्म करायची होती. मी अटी घातल्या: एकच खोली, तीन मिनिटं, संवाद पाचच. मुलं कुरकुरली. एका मुलीला घरून आणखी एक अट होती, अम्मीचा चेहरा दाखवायचा नाही. तिनं फक्त विड्या वळणारे हात दाखवले आणि शेवटी त्याच हातांनी मुलीच्या वहीला घातलेलं कव्हर. वर्ग गप्प झाला.

पण एवढ्यावर खूश होऊन थांबता येत नाही. मालेगावचा सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करायचा. चित्रपटानंतर थोड्याच काळात तो कर्करोगानं गेला. नायिकेच्या कामाला गावातली बाई मिळत नसे, बाहेरून आणावी लागे. पैसा कमी होता त्यातून कल्पना निघाली, पण आजारपणातून आणि मुलींच्या गैरहजेरीतून काय निघालं? गरिबीचं कौतुक करताना आपण हे विसरतो.

विणकरांच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. ताणा ताणलेला नसेल तर कापड होत नाही आणि वाजवीपेक्षा जास्त ओढला तर धागा तुटतो. चेहरा न दाखवण्याची अट त्या मुलीला पेलली. “तू फिल्म करायचीच नाहीस,” असं घरून सांगितलं असतं, तर ते हात कुणालाच दिसले नसते.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलांना महागडा कॅमेरा देऊ नका, हरकत नाही. वेळ ठरवून द्या, विषयाची मर्यादा घाला. पण सुट्टीत मुलानं मोबाइल मागितला, तर त्याच्या बहिणीलाही विचारा, तुला काय दाखवायचं आहे? आणि तिनं केलेलं घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहा.