कणकुंबीच्या वाटेवरची घोडमाशी

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालं, की कणकुंबीला आपण बहुतेक जण थांबतोच. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, पुढे चोर्ल्याचा घाट. पाऊस ओसरल्यावर तर इथली हिरवाई बघत राहावी. पण गाडीतून उतरून ओहोळाकडे चार पावलं टाकली, की मानेवर सुई टोचल्यासारखं होतं. ही घोडमाशी. कुणी गोमाशीही म्हणतात.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांतल्या मधावर जगतो. डास हळूच सुई खुपसतो. हिचं तोंड म्हणजे बारीक सुऱ्याच. कातडी कापायची आणि वर आलेलं रक्त चाटायचं. म्हणून चावा इतका झोंबतो, गांधी उठते.

आपण चापट तरी मारतो, म्हशीनं काय करावं? शेपूट हलवायची, कातडी थरथरवायची, चरणं सोडून पळायचं. अशा दिवसांत दूध कमी होतं, हे खानापूरच्या रानातल्या कुठल्याही गवळ्याला विचारा. भर दुपारी म्हैस चिखलात बसते ती नुसत्या उकाड्यानं नव्हे. अंगावर चढलेला चिखल हेच तिचं चिलखत. गोठ्यात मग शेणीच्या निखाऱ्यावर ओला पाला टाकून धूर करतात. डोळे चुरचुरतात, पण जनावर शांत उभं राहतं.

खरा धोका मात्र अर्धवट राहिलेल्या जेवणाचा. एका जनावरानं झटकलं, की रक्तानं माखलेल्या तोंडानं माशी शेजारच्यावर बसते. सर्रा नावाचा रोग असाच पसरतो. त्याचा जंतू १८८० साली डेरा इस्माईल खान इथं पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. घोडा यात झिजून मरतो. म्हैस पुष्कळदा वरून धडधाकट दिसते आणि जंतू अंगात बाळगून असते. ताप येतो-जातो, जनावर खंगतं, आणि घरचे म्हणतात, नजर लागली. अशा वेळी अंगारा लावत बसू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावं. रोग लवकर कळला तर औषध आहे.

माणसाला हा रोग होत नाही असंच मानत, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन या जंतूला मारतं. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. त्याच्यात नेमकं तेच प्रथिन नव्हतं. औषधानं तो बरा झाला. हे अगदीच विरळा, त्यामुळे कणकुंबीची सहल रद्द करायचं कारण नाही.

फक्त गडद कपडे नकोत. काळा-निळा रंग आणि हलणारी वस्तू तिला दुरून दिसते. पांढुरका पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. आणि गाडीत शिरलीच तर वर्तमानपत्र घेऊन मागे लागू नका. काच खाली करा, उजेडाकडे ती आपणहून जाते.