कधीतरी लागणारी गोटी

घरी ट्रॅक्टर-ट्रॉली, रोटाव्हेटर आणि खत-पेरणी यंत्र असलेल्या माणसाला जड गोट्या आणि त्या फिरवायचा लांब दांडा वर्षभरात किती वेळा लागतो? फार तर दोन-चारदा. त्यामुळे नांदेड-लातूरकडे या खरेदीचा हिशेब ठरलेला असतो. रोज कुठे लागतंय, मग हलकं घेतलं तरी निभावेल. भारी माल गॅरेजवाल्याने घ्यावा, आपल्याला पेटीत काहीतरी असलं म्हणजे झालं. वरवर पाहता हा काटकसरीचा शहाणपणा वाटतो, पण माझ्या मते हा हिशेब नेमका उलटा आहे. गॅरेजमधला पाना दिवसभर नट खोलतो खरा, पण त्यातले बहुतेक नट सहज सुटणारे असतात. घरातली जड गोटी वर्षभर पडून राहते आणि बाहेर निघते ती दुसरं काहीच चालेनासं झाल्यावर. म्हणजे तिच्या वाट्याला सोपं काम कधी येतच नाही. वापर कमी आहे म्हणून तिच्यावरचा ताण कमी, असं धरून चालणं हीच या खरेदीतली मूळ चूक आहे.

साखर कारखान्यातल्या फिटरशी तुलना केली की हे स्पष्ट होतं. विलासनगरचा मांजरा असो की लक्ष्मीनगरचा भाऊराव चव्हाण, गाळप हंगाम संपला की कारखान्यात यंत्रं खोलून दुरुस्तीचं काम निघतं. तिथले बोल्ट आडदांड, पण ते ठरावीक काळाने खोलले जातात, घासले जातात, ग्रीस लावून पुन्हा बसवले जातात. त्या फिटरला ठाऊक असतं की हा नट मागच्या वेळी कसा सुटला होता. आता त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्या ट्रॉलीच्या हबचा नट घ्या. बेअरिंग ओरडायला लागेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. मधल्या काळात त्याच्यावरून पाणंदीतला काळा चिखल गेला, उसाचा रस गेला, दोन-तीन पावसाळे गेले. खत-पेरणी यंत्राचे बोल्ट तर याहून वाईट. खतातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंड आतून खात राहतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांमधली फट भरून काढतो आणि नट स्टडशी जणू एकजीव होतो. चांगल्या स्थितीतला नट सोडवायला तो आवळताना लागला त्यापेक्षा थोडा कमीच जोर लागतो. पण आवळतानाच्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उपयोगी पडतो. गंज चढतो तो नेमका या घर्षणावर. म्हणून बरीच वर्षं न खोललेला नट आवळलेल्या जोराच्या कितीतरी वर जाऊन बसतो.

थोडे आकडे मांडतो, कारण दुकानात निर्णय आकड्यांवर व्हायला हवा. एम-१६ बोल्टचा नट बहुधा २४ मिलिमीटरचा असतो, एम-२० चा ३० चा, एम-२४ चा ३६ चा. हे बोल्ट ८.८ प्रतीचे असतील तर कोरड्या आट्यांवर नीट आवळायला साधारण २००, ४०० आणि ७०० न्यूटन-मीटर पीळ लागतो. पाय रोवून दांडा ओढणारा माणूस ४० किलोच्या आसपास जोर लावतो. दांडा ६० सेंटिमीटरचा असेल तर त्यातून २३५ न्यूटन-मीटर मिळतात, मीटरभर लांब असेल तर ३९० च्या आसपास. म्हणजे मीटरभर दांड्यानेही एम-२० चा नट जेमतेम आवळलेल्या जोरापर्यंत पोचतो, आणि गंज अजून बाकीच आहे. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सत्तर किलोचा माणूस दांड्याच्या टोकावर उभा राहतो आणि पीळ एकदम सातशेच्या घरात जातो. अवजार निवडायचं ते या क्षणासाठी, कारण हा क्षण येणारच आहे.

हा पीळ सगळ्यात आधी झेलतो तो गोटीत शिरणारा दांड्याचा चौकोन. बाजारात सहज मिळणारा सेट अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटर चौकोनाचा असतो. पाऊण इंची चौकोन १९ मिलिमीटरचा. जाडी दीडपट, पण पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होते. सातशेच्या घरातला पीळ अर्धा इंची चौकोनाला त्याच्या मर्यादेच्या पार नेतो. पाऊण इंचीला तो आरामात पेलवतो. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. २४ मिलिमीटरच्या वरच्या नटांसाठी अर्धा इंची सेटवर भिस्त ठेवू नये. पाऊण इंची दांडा आणि त्याला बसणाऱ्या मोजक्या गोट्या घ्याव्यात. एक इंचीची ताकद आणखी दुपटीहून जास्त असते, पण तिचं वजन आणि किंमत पाहता ती हायवेवर ट्रकची चाकं खोलणाऱ्याला शोभते, शेतकऱ्याच्या पेटीला नाही. आणि पाऊण इंची दांड्याला अर्धा इंची गोटी लावायचा जोड घेऊन पैसे वाचवू नयेत. त्या जोडाचा बारीक चौकोनच मग सगळ्यांत कच्चा दुवा होतो.

दांडा कोणता? साधा, मुसकट वळणारा, आत दातांची यंत्रणा नसलेला ब्रेकर बार. रॅचेट हाताला गोड लागतो, पण त्याच्या डोक्यात सगळा भार दोन-चार बारीक दात झेलतात. जाम नट सैल करायचा तो साध्या दांड्याने. सैल झाल्यावर हवा तर रॅचेट फिरवावा. सरकत्या दांड्याचा टी-पानाही मजबूत असतो, मात्र एकाच बाजूने ओढला की गोटी नटावर तिरकी होते, म्हणून दुसऱ्या हाताने डोकं दाबून धरावं लागतं. दुकानात ब्रेकर बार हातात घेतलात की मुसकटाची खीळ पाहा. चौकोन इकडेतिकडे हलवून पाहा. तो वळायला हवा, डुगडुगायला नको. चौकोनाच्या कडा सरळ आणि स्वच्छ असाव्यात. कडा आधीच गोलसर दिसल्या तर तो दांडा तिथेच ठेवा.

गोटीच्या बाबतीत पाहण्यासारखं जास्त आहे. पहिली गोष्ट, तोंड सहा कोनांचं हवं. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते म्हणून लोकांना आवडते, पण ती नटाला कोपऱ्यांजवळ धरते, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच आधी झिजलेले असतात. सहा कोनांची चांगली गोटी कोपरा सोडून सपाट बाजूवर जोर देते. दुसरी गोष्ट, तोंडाच्या आतल्या कडेचा उतार. गोटी नटावर चटकन बसावी म्हणून तोंडाशी थोडी सूट दिलेली असते. ती जास्त असली तर पातळ नटावर गोटी निम्म्याच उंचीला पकडते आणि जोर आला की सटकते. हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग आहे : ट्रॉलीचा एक सुटा नट खिशात घालून दुकानात जायचं. लातूरच्या गंजगोलाईत असा किंवा नांदेडच्या बाजारात, दुकानदाराला गोटी काढायला सांगा, नट तिच्यात बसवा आणि बोटाने डावी-उजवीकडे हलवा. किंचित खेळ चालेल. पण नट आत खडखडत असेल तर त्या गोटीवर कितीही ठळक अक्षरांत क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असो, ती घेऊ नका. ते नाव कुणीही ठोकू शकतो, भिंतीची जाडी आणि आतलं माप मात्र लपत नाही. तिसरी गोष्ट इंची आणि मिलिमीटरची. मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची नट-बोल्ट भेटतात. त्यातला १५/१६ इंची नट २३.८ मिलिमीटरचा, म्हणून त्याला २४ ची गोटी चालून जाते. पण १ १/८ इंची नट २८.६ मिलिमीटर भरतो. त्याला २९ ची गोटी लावून सगळं वजन टाकलं तर कोपरे गेलेच म्हणून समजा. आपल्या यंत्रांवरचे मोठे नट एकदा कॅलिपरने मोजून वहीत लिहून ठेवले तर या खरेदीतली निम्मी चूक टळते. ते मोजले की ध्यानात येतं, लागणाऱ्या गोट्या तीन-चारच आहेत.

इथे हमखास निघणारा आक्षेप असा : तेवढ्याच पैशांत चोवीस नगांची पेटी मिळत असताना चार गोट्या आणि एक दांडा का घ्यावा? कारण पेटीचे पैसे चोवीस ठिकाणी वाटले जातात. त्यातले बरेचसे नग त्या घरात कधी नटाला लागणारच नाहीत, आणि जे लागतील त्यांच्या पोलादावर खर्च केलेला असेल तो चोविसावा हिस्सा. लहान नटांसाठी अर्धा इंची पेटी जरूर असावी, तीही साधी चालेल. नाशिकच्या सातपूरची टपारिया किंवा पंजाबातल्या जालंधर-लुधियानातल्या कारखान्यांचा मध्यम माल त्या कामाला पुरेसा आहे. काटकसर करायचीच तर पेटीत, एक्स्टेन्शनमध्ये, रॅचेटमध्ये करा. ज्या दोन तुकड्यांच्या भरवशावर माणूस आपलं सगळं वजन टाकतो, म्हणजे दांडा आणि गोटी, त्यांत नको. आता कुणी म्हणेल, कंपन्या आयुष्यभराची हमी देतात, तुटली तर नवी मिळेल. गोटी मिळेल. पण ती जोरात असताना तडकली तर दांड्यासह माणूस ट्रॉलीच्या चेसिसवर जाऊन आदळतो, आणि बोटांच्या हाडांना कुणी हमी देत नाही. याच कारणाने दांडा नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. अगदीच ढकलायची वेळ आली तर मूठ उघडी ठेवून तळव्याने ढकलावा.

पाईपचं काय, हा दुसरा प्रश्न. दांड्याला पाईप घालून लांबी वाढवणं हे आपल्याकडे पाप मानलं जातं आणि केलंही सर्रास जातं. पाईपमध्ये मुळात दोष नाही. तो कशावर चढवला यात दोष आहे. गाडीबरोबर आलेल्या एल-पान्यावर किंवा रॅचेटवर पाईप चढवणं म्हणजे आधीच कच्च्या दुव्यावर दुप्पट भार. पाऊण इंची भक्कम दांड्यावर, त्याची मूठ पूर्ण आत जाईल असा जाड भिंतीचा पाईप मी गैर मानत नाही. मात्र त्या आधी आट्यांत डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यावं, आणि नट एकाच दिशेला पिळत न राहता थोडा आवळण्याकडे, थोडा सोडण्याकडे हलवावा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. जुन्या ट्रकचा आस ट्रॉलीला बसवलेला असेल तर जोर लावण्याआधी हे एकदा पाहिलंच पाहिजे.

बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनबद्दलचा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मी मान्य करतो. गंज सलग ओढीपेक्षा ठोक्यांनी लवकर फुटतो, आणि गन नेमकी ठोके देते. ज्याच्या दारात चार-पाच ट्रॉल्या उसावर चालतात त्याने गनच घ्यावी. पण वर्षातून दोनदा लागणारी गन म्हणजे वर्षभर कपाटात पडलेली लिथियम बॅटरी, आणि ती वापरली नाही तरी जुनी होते. दांडा दहा वर्षांनी काढला तरी तसाच असतो. शिवाय गन घेतली तरी गोटीचा प्रश्न सुटत नाही. चकचकीत क्रोमच्या गोट्या ठोक्यांसाठी नसतात, त्या तडकतात. गनला जाड भिंतीच्या काळ्या इम्पॅक्ट गोट्याच लागतात. त्या हाताच्या दांड्यावरही बिनधास्त चालतात, म्हणून पुढेमागे गन घ्यायचा विचार असेल तर आजच काळ्या गोट्या घेऊन ठेवाव्यात. गिअरवाला व्हील-नट ओपनरही हायवेच्या कडेला विकायला दिसतो. त्याने नट सुटतो, पण हाताला भार कळत नाही, आणि नट सुटतोय की स्टड तुटतोय हे समजेपर्यंत उशीर होतो.

गावातला वेल्डर ज्योत लावून नट काढून देईल, हेही खरं आहे. तापलेला नट फुगतो आणि गंजाची पकड सुटते, पद्धत शास्त्राला धरूनच आहे. फक्त हबजवळ ज्योत गेली की ऑइल सील आणि ग्रीस जातं, आणि लाल तापलेला ८.८ चा बोल्ट नंतर ८.८ चा राहत नाही. तो बदलावाच लागतो. मोकळ्या चौकटीवरच्या बोल्टला हा उपाय चांगला, चाकाच्या बोल्टला शेवटचा.

शेजाऱ्याकडून मागून आणू, यावर माझं मत नटाच्या मापाप्रमाणे बदलतं. ४६ मिलिमीटरसारखी मोठी गोटी चार घरांत मिळून एक असावी, ती प्रत्येकाने घेणं वाया आहे. पण चाकाच्या नटाची गोटी आणि दांडा स्वतःच्याच गाडीत हवा. ट्रॉली अडते ती लोहा-अहमदपूरच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर, भरल्या उसासकट, आणि त्या वेळी शेजाऱ्याची ट्रॉलीही दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यावरच असते.

राहिला परत आवळण्याचा भाग, कारण लांब दांड्याने सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. सोडवायला लागलेला जोर गंजासाठी होता, आवळायला त्याची गरज नाही. त्याच दांड्यावर उभं राहून नट आवळला की स्टड ताणला जातो आणि पुढच्या खेपेला तुटतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, नट हाताने शेवटपर्यंत फिरवावा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने, जमलं तर टॉर्क रेंचने, नाहीतर आखूड दांड्यावर हाताच्या जोराने आवळावेत. बदललेल्या चाकाचे नट पहिल्या भरल्या खेपेनंतर थोडे बसतात. काट्यावर नंबर लागेपर्यंत कारखान्याच्या यार्डात ट्रॉली तशीही उभीच असते. तेवढ्या वेळात गोटी काढून ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.