मूळ सिनेमा की सुधारलेला?



अंकासाठी चार ओळी लिहून द्या, असा सरांचा निरोप आला, तेव्हा आम्ही शाळेचे जुने विद्यार्थी भांडत बसलो होतो. भांडण बांधाचे नव्हते, सिनेमाचे होते. ते पूर्ण मिटले नाही, म्हणून तेच लिहून पाठवीत आहोत.

सुट्टीत शाळेतल्या मुलांना एक जुना सिनेमा दाखवायचे ठरले. 'मायाबजार'वर सगळ्यांचे एकमत झाले. सिनेमा तेलुगू आहे, पण नार्नूरच्या मुलांना तेलुगू शिकवावी लागत नाही आणि घटोत्कच तर आपल्या घरचाच. अडले ते पुढे. मूळ काळा-पांढरा दाखवायचा की नवा रंगीत? झाले, दोन तट पडले.

के. व्ही. रेड्डींचा 'मायाबजार' १९५७ साली आला. त्यात कृष्ण झाले एन. टी. रामाराव आणि घटोत्कच झाले एस. व्ही. रंगाराव. कथा पुराणातली, पण आम्हांला तो लहानपणी विज्ञानकथेसारखाच वाटायचा. त्यातली 'प्रियदर्शिनी' पेटी आठवा. झाकण उघडले की आपले आवडते माणूस समोर दिसते. तेव्हा ती माया होती. आज हैदराबादला शिकायला गेलेल्या लेकीला आई मोबाईलवर रोज तशीच बघते.

हाच सिनेमा हैदराबादच्या गोल्डस्टोन टेक्नॉलॉजीज या कंपनीने संगणकावर रंगवला आणि ३० जानेवारी २०१० रोजी तो पुन्हा थिएटरात लागला. रंगीत तटाचे म्हणणे असे की, काळे-पांढरे चित्र पाहिले की मुले उठून जातात. रंगामुळे चार मुले बसून बघत असतील तर त्यात पाप काय? दुसरा तट म्हणाला, छायाचित्रकार मार्कस बार्टली यांनी सगळे दिवे काळ्या-पांढऱ्याचा हिशेब करून लावले होते. नौकाविहाराच्या गाण्यातले ते चांदणे लोक अजून विसरलेले नाहीत. त्यावर रंग चढवला की ते बार्टलींचे चांदणे राहते का?

असे भांडण आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत 'स्टार वॉर्स' हा अंतराळातला सिनेमा १९७७ साली आला. जॉर्ज लुकास यांनी वीस वर्षांनी, म्हणजे १९९७ मध्ये, त्यात नवी दृश्ये घातली, संगणकावर केलेले प्राणी घातले आणि एक प्रसंग चक्क फिरवला. मूळ सिनेमात हान सोलो हा गडी शत्रूवर गोळी झाडून मोकळा होतो. नव्या प्रतीत आधी शत्रू झाडतो, मग हा. एवढ्याशा बदलावर तिकडचे चाहते आजही भांडतात, कारण त्याने माणसाचा स्वभावच बदलतो.

गंमत अशी की, याच लुकास यांनी १९८८ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन जुन्या सिनेमांना रंग देण्याच्या व बदलण्याच्या विरोधात साक्ष दिली होती. पुढे स्वतःच्या सिनेमावर त्यांनीच हात चालवला. मालकाला तो हक्क नाही का, असे कोणी विचारेल. असेलही. पण १९९७ नंतर लुकास यांनी बदललेलीच प्रत खरी मानली आणि मूळ प्रत मिळणे अवघड होऊन बसले. चाहत्यांचे खरे दुःख ते होते. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ सालची जपून ठेवलेली मूळ प्रत पडद्यावर दाखवली, ती मोठी बातमी झाली.

आपल्याकडे तर याहून जुना दाखला आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. १९१७ मध्ये तीच कथा फाळक्यांनी पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळे उरली आहेत ती पहिल्या सिनेमाची की दुसऱ्या, यावर अभ्यासक वाद घालतात. दोन्ही पूर्ण असते तर शेजारी ठेवून पाहता आले असते.

मात्र सुधारणा म्हटली की सगळी एकाच मापाने मोजू नये. 'आदित्य ३६९' आठवतो का? सिंगीतम श्रीनिवासरावांचा १९९१ सालचा सिनेमा. काळयंत्रात बसून नायक कृष्णदेवरायांच्या दरबारात जातो आणि तिथून थेट सन २५०४ मध्ये. नायक बाळकृष्ण, म्हणजे 'मायाबजार'च्या कृष्णाचाच मुलगा. वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणला होता, तेव्हा आम्ही तो अंगणात पोत्यावर बसून पाहिला. हा सिनेमा ४ एप्रिल २०२५ रोजी ४के करून पुन्हा लागला. ४के म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे चार हजार ठिपके. चित्र स्वच्छ झाले, आवाज सुधारला, पण कथा तीच राहिली. मूर्तीवरची धूळ पुसणे वेगळे आणि मूर्तीला नवे नाक बसवणे वेगळे.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो. घटोत्कचाच्या जेवणाचा प्रसंग मुलांना दोनदा दाखवला, आधी रंगीत, मग मूळ. लहान वर्गांनी रंगीताला हात वर केले. नववी-दहावीतली बरीच मुले म्हणाली, मूळ चित्रातली जादू जास्त खरी वाटते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "रंगीत केल्यावर जुना फेकून देतात का?" दोन तास भांडून आम्हांला जे बोलता आले नव्हते ते तिने एका वाक्यात विचारले.

आमच्यात आता एवढे ठरले आहे. रंग द्या, धूळ पुसा, वाटल्यास नवा शेवटही लिहा. पण जुना फेकू नका आणि नव्यावर 'नवा' अशी पाटी लावा.

आपण नार्नूरची माणसे हे तसे रोजच पाहतो. १९८५ साली तालुके जाऊन मंडल आले, तेही 'मायाबजार'चे कृष्ण रामाराव मुख्यमंत्री असताना. तरी घरातली म्हातारी माणसे अजून 'तालुक्याला जाऊन येतो' म्हणतात. आपल्या मराठीत तेलुगू, गोंडी, बंजारा बोलीतले शब्द मिसळले आहेत. त्याची लाज नाही, ते आपले रंग आहेत. पण आजीच्या ओव्या, आजोबांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत एका वहीत उतरवलेल्या असाव्यात. ती आपली मूळ प्रत आहे.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत एवढे काम करा. वही शाळेत आणून द्या, आम्ही वाट पाहत आहोत.

– शाळेचे माजी विद्यार्थी, नार्नूर